बंद चुलीच्या दिवसांतल्या कुरडया

मला एका जागी बसवत नाही. लहानपणी आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी आहे. लग्नानंतर सासरीही तेच म्हणू लागले, फक्त लाडानं म्हणत नव्हते. पण ज्या वर्षी कापसाचा भाव आभाळाला टेकला, त्या वर्षी अख्ख्या वऱ्हाडाच्याच पायाला भिंगरी लागली, आणि मग माझं कोणाला काही वाटेनासं झालं.

दूरच्या कुठल्याशा मुलखात लढाई लागली होती, तिथला कापूस विलायतेला जायचा थांबला होता आणि म्हणून आमच्या काळ्या मातीतल्या कापसावर व्यापारी तुटून पडत होते. हे सगळं मला पुष्कळ नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसत होतं की घरातली पुरुषमाणसं उठली की अकोल्याचा रस्ता धरायची, भाव ऐकायची आणि कापूस न विकता परत यायची. आज एवढा आहे तर पुढच्या आठवड्यात किती असेल, या विचारानं त्यांचं जेवणावर लक्ष नसे. आमच्या गावात एकानं बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या करवल्या. बैलाला काय त्याचं, तो आपला शेपटीनं माशाच हाकत होता.

माझे सासरे, आम्ही त्यांना मामाजी म्हणायचो, कापूस विकायला सगळ्यात नाखूश. वेचणी संपली तशी त्यांनी माजघर भरलं, मग धान्याची खोली भरली, मग स्वयंपाकघराला लागून असलेली बाळंतिणीची छोटी खोलीसुद्धा थेट आढ्यापर्यंत भरली. नारळ फोडून गंजीची पूजा केली. आमच्या घरची रीत अशी होती की पूजा झालेली गंजी विकेपर्यंत जागची हलवायची नाही, हलवली की बरकत हलते. रोज दोनदा मामाजी गंजीत कोपरापर्यंत हात खुपसून बघायचे, आतून तापली तर नाही ना म्हणून. माझ्या नवऱ्याला ताप आला तेव्हा त्यांनी इतक्या वेळा कपाळाला हात लावला नव्हता.

फाल्गुनात पातूरकडच्या एका घरात चुलीतली ठिणगी कापसात पडली आणि घर बसलं. ती बातमी मामाजींनी बाजारातून आणली, आणि दुसऱ्या सकाळी आमची चूल बंद झाली. आमच्याकडे मयत झाल्याशिवाय चूल बंद राहत नाही. मी राख बाहेर काढली, चूल शेणानं सारवली, आणि शेजारणी एकेक करून डोकावून विचारून गेल्या, कोण गेलं म्हणून. मागच्या अंगणात, कडुनिंबाच्या पलीकडे, तीन दगड मांडून चूल झाली. तीसुद्धा वारा सुटायच्या आत विझवायची. चैत्रातला आमच्याकडचा वारा उन्हाबरोबर उठतो. म्हणजे उजाडायच्या आधी भाकरी थापा, वरण उकळा, निखारे राखेखाली झाका, आणि मग दिवसभर गार खा.

त्यातच कुरडयांचे दिवस आले. गहू भिजत घातला, रोज पाणी बदललं, आंबूस वास सुटल्यावर ठेचला, फडक्यातून चीक पिळून काढला आणि निवळत ठेवला. पहाटेच्या त्या थोड्या वेळात चीक शिजवणं म्हणजे माझ्यासारखीला शिक्षाच. चीक घाईनं शिजत नाही. मीठ-हिंगाच्या उकळत्या पाण्यात तो ओतायचा आणि घाटत राहायचं, पांढरा जाऊन काचेसारखा दिसेपर्यंत घाटतच राहायचं. हात थांबला की गाठी. पूर्वेकडे उजेड वाढतोय, मामाजी ओसरीवरून वाऱ्याचा अंदाज घेतायत, आणि मी लाकडी सोऱ्या दाबून खाटेवरच्या धोतरावर वेटोळी टाकतेय. ती वाळली तेव्हा प्रत्येक कुरडईला कापसाची लव चिकटलेली निघाली. त्या वर्षी आमच्या घरात ज्याला लव चिकटली नाही असं काही नव्हतंच.

चैत्राच्या मध्यात मामाजी स्वतः गाडी घेऊन चांदूर बाजारला गेले आणि माझ्या नणंदेला पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी घेऊन आले. हे मुद्दाम सांगते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की त्यांचं लेकीवर प्रेम नव्हतं. होतं. वाटेत तिला धक्के बसू नयेत म्हणून गाडीत त्यांनी कडब्यावर गोधड्या अंथरल्या होत्या आणि उन्हासाठी वरून तट्ट्या बांधला होता. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. आईविना वाढलेली ही एकच लेक. गाडीतून उतरताना त्यांनी तिचा हात धरला, ओसरीवर खाट टाकून दिली, आणि आत माजघराकडे बघून म्हणाले की थोडे दिवस इथंच भागवून घे, आठ दिवसांत माल जातो.

ते आठ दिवस रोज नव्यानं सुरू व्हायचे.

नणंद माझ्याहून लहान, शांत, मोजकं बोलणारी. तिला काही पचत नव्हतं. पहाटेची भाकरी दुपारपर्यंत लाकूड व्हायची, तेलाचा वास आला की तिला मळमळायचं, आणि घरभर सरकीचा कोंदट वास भरलेला, त्यानं तर तिचं डोकं उठायचं. मी एकदा दुपारी, नुसतं बसवत नाही म्हणून, तांब्याच्या घंगाळात पाणी घालून अंगणातल्या फरशीवर ठेवलं. घटकाभरानं पाणी हात घालवेना इतकं तापलं. त्यात चार कुरडया सोडल्या. लव वर तरंगून आली, ती काढून टाकली. वेटोळी हळूहळू सैल झाली, पांढरी होती ती नितळ झाली, खालचं तांबं त्यांच्यातून दिसायला लागलं. विस्तवाशिवाय शिजलेलं त्या महिन्यातलं ते पहिलं अन्न.

मग मी मोकाटच सुटले. उपसून, गार पाण्यातून काढून, त्यात काकडी चोचवून घातली, कांदा, हिरवी मिरची, सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, वरून तिळाची पूड आणि लिंबू. दुसऱ्या दिवशी कैरी किसून गुळाचा खडा. तिसऱ्या दिवशी दही. दही घातलं की मीठ जेवताना घालायचं, आधी घातलं तर पाणी सुटतं आणि कुरडया गिळगिळीत होतात. नणंदेनं पहिल्यांदा वाटी रिकामी केली. तोंडात घसरून जातं, चावायचे कष्ट नाहीत, असं म्हणाली. मामाजी बाजारातून आले की आधी विचारायचे, तिनं खाल्लं का. खाल्लं म्हटलं की त्यांचा चेहरा खुलायचा, आणि मग ते गंजीत हात घालून बघायचे.

पातळ खायची वेळ आली की मात्र माझी पंचाईत व्हायची. पहाटे तुरीच्या वरणाचा वरचा कट काढून ठेवायची, त्यात चिंच, गूळ, थोडं जिरं. दुपारी त्यात भिजलेल्या कुरडया सोडायच्या आणि तोही उन्हात ठेवायचा. कोमट व्हायचा. कोमट कट म्हणजे धड सार नाही, धड पाणी नाही. ताकाची कढी तर उन्हात ठेवली की फुटायची. नणंद तक्रार करत नव्हती, पण अर्धी वाटी बाजूला सारायची, आणि मला चैन पडत नसे. विहिरीवर जा, अंगण झाड, पुन्हा झाड, गोठ्यात जा, परत ये. सगळ्या गोष्टी हाताशी होत्या आणि जी हवी होती ती मनाई होती.

वैशाख लागला तशी गावची सुईण येऊन नणंदेचं पोट बघून गेली. म्हातारी रोखठोक. पोर खाली सरकलंय, म्हणाली, आता फार दिवस नाहीत. मग घरात डोकावली, बाळंतिणीच्या खोलीचं दार कापसानं फुगलेलं बघितलं, आणि ओसरीवर मामाजींच्या समोर उभी राहिली. घरात विस्तव पाहिजे, बाजेखाली शेगडी पाहिजे, ओव्याची धुरी पाहिजे, पाणी तापायला चूल पाहिजे, पाचवीपर्यंत दिवा विझता कामा नये. मागच्या साली एका घरी शेकाविना बाळंतीण ठेवली, तिला शीत चढलं आणि ती गेली, हे तिनं नणंदेच्या देखतच सांगितलं. शेवटी म्हणाली, “घरात इस्तो नसन त मी हात लावनार नाई. मंग मले दोष देऊ नोका.”

नणंद खाटेच्या काठाला धरून बसली होती. तिची बोटं काठावर घट्ट वळली ती मी पाहिली.

सुनेनं सासऱ्याशी समोरासमोर बोलायची पद्धत नव्हती. लेकी बोले सुने लागे ही म्हण सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या घरी सून लेकीला बोलायची आणि सासऱ्याला लागावं अशी आशा करायची. मी नणंदेला मोठ्यानं म्हणायची, बाई, खोली रिकामी केल्याबिगर कसं होईल. भिंतीला म्हणायची, गाईला म्हणायची. मामाजी ऐकायचे आणि पागोटं बांधून बाजाराला निघायचे. आमचे हे बापापुढे तोंड उघडत नसत. मी त्यांच्यामागे लागले तर म्हणाले, भाव चढून राहिला, आता कसं सांगू. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागलेली ही दोन माणसं, आणि मधे अवघडलेली बाई.

मामाजींना चिंता नव्हती असं नाही. एका दुपारी ते बाजारातून लवकर आले. नणंद ओसरीवर कैरीतल्या कुरडया खात होती, मी तिच्या पायाशी तांदूळ निवडत होते. पागोटं काढून ते तिच्या खाटेशी बसले. मग अगदी मायेनं तिला म्हणाले, “माय, आपन गोठा झाडून घेऊ. सारवून घेऊ. बैलं बाहेर बांधू. तिथं इस्तो बी चालते, काई डर नाई.”

त्यांना तो तोडगा वाटला होता. दोन्ही गोष्टी सांभाळल्या असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. या घरातल्या सगळ्या बायका त्या छोट्या खोलीत बाळंत झाल्या होत्या. खुद्द मामाजी तिथंच जन्मले होते. आता तिथं कापूस राहणार आणि लेक गोठ्यात जाणार.

नणंदेनं मान वर केली नाही. वाटी खाली ठेवली. मग म्हणाली, तेही त्यांना नाही, मला, “वैनी, मले ऊन ऊन कढन पायजे.”

तिनं महिन्याभरात मागितलेली ही एकच गोष्ट. बाहेर वारा उठला होता, कडुनिंबाची पानं अंगणभर फिरत होती. मागची चूल पेटवायची सोय नव्हती. मी उठले. राखेखालचे निखारे एका खापरात काढले, वरून दुसरं खापर उपडं घातलं, आणि ते हातात घेऊन ओसरीवरून, मामाजींच्या समोरून, घरात गेले.

ते उठून उभे राहिले. मी उंबऱ्यात थांबले. डोक्यावरचा पदर नीट होता, एवढं मला आठवतं. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण त्यांच्याशी मी पहिल्यांदाच थेट बोलले. “मामाजी, चूल पेटवून राहिली मी. कापूस तुमचा हाय, तुमी पाहा.”

आणि पेटवली. दीड-दोन महिने सारवून कोरडी ठेवलेली चूल लगेच धरते. शेजारच्या खोलीची कुडाची भिंत माझ्यापासून हातभर लांब, तिच्या फटींतून लव लोंबत होती. मी काही शूर वगैरे नव्हते. दार लावून घेतलं, वाऱ्याची बाजू खापरांनी अडवली, पाण्याची घागर जवळ ओढली, आणि मूग चढवले.

बाहेर एकदम धावपळ सुरू झाली. मामाजींनी आमच्या ह्यांना हाक मारली, गडी बोलावले, शेजारचे दोघे आले. बाळंतिणीच्या खोलीचं दार मोडून काढावं लागलं, इतका कापूस त्याला दाटला होता. चादरी, गोणपाटं, धोतरं, जे हाताला लागलं त्यात कापूस भरून ते बाहेर नेत होते. पूजा केलेली गंजी, जी हलवायची नव्हती. मामाजी वयानं साठीकडे झुकलेले, दम्याचे. पाठीवर गाठोडं घेऊन ते अक्षरशः पळत होते, ओसरीवरून अंगणात, अंगणातून परत.

मी कढण करत होते. मूग फुटून मऊ झाले तसे घोटले, पाणी वाढवलं, आलं ठेचून घातलं, मिरे घातले. तुपात जिरं तडतडलं तेव्हा त्या आवाजानंच मला रडू आलं, पहाटेच्या घाईत कितीतरी दिवस फोडणी घातलीच नव्हती. कुरडया शेवटी घालायच्या, उकळत्या कढणात, आणि लगेच भांडं उतरवायचं. उन्हाच्या पाण्यात त्यांना घटका लागायची, इथं बघता बघता त्या नितळ झाल्या. वाटीत वाफ धरली. विस्तव विझवला नाही, नीट आवरून ठेवला. खोली अजून अर्धी भरलेली होती.

वाटी घेऊन बाहेर आले. नणंद खाटेवर तशीच बसली होती. तिच्यापुढून बाप गाठोडं घेऊन गेला, परत आला, पुन्हा गेला. त्यानं तिच्याकडे बघितलं नाही, त्याला सवडच नव्हती. तिनं वाटी दोन्ही हातांत धरली, एक घोट घेतला, अजून एक घेतला. त्याच्याकडेच बघत होती.

“महिना झाला मी इथं बसून राहिली, वैनी,” ती म्हणाली. “बाबाले असं पयता येते, मले ठाऊक नव्हतं.”

मी खोलीसाठी चूल पेटवली होती. खोली मिळाली. कढण तिनं सगळं संपवलं, तळाच्या कुरडया बोटांनी पुसून खाल्ल्या.

चार दिवसांनी त्याच खोलीत ती सुखरूप बाळंत झाली. मुलगी. बाजेखाली शेगडी होती, ओव्याची धुरी होती, दिवा होता, सुईण होती. मामाजी दाराबाहेर बसून होते, पोरीचं रडणं ऐकून त्यांनीही डोळे पुसले. अंगणात पडलेला कापूस अवकाळीच्या भीतीनं त्यांना लगेच विकावा लागला, गंजी हललीच म्हणून माजघरातलाही गेला, आणि नशिबानं भाव तेव्हा टिपेला होता. मग घरात सगळे म्हणू लागले, नातीचा पायगुण. माझ्या चुलीचं कौतुकही झालं, थट्टाही झाली. आमचे हे पाहुण्यांना सांगायचे, हिच्या पुढ्यात विस्तव ठेवू नका. मीही हसायची. नणंद हसायची नाही, पण ती मुळातच कमी हसणारी, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही.

पुढं ती लढाई संपली. भाव कोसळला. ज्यांनी घरं भरून ठेवली होती ते डोक्याला हात लावून बसले. आमच्याकडे ठेवायला फारसं राहिलंच नव्हतं, आणि ठेवण्यात अर्थही नव्हता. माजघरात पुन्हा माणसं झोपायला लागली. चूल दोन्ही वेळ पेटत होती.

तेव्हाच नणंदेला पुन्हा दिवस गेल्याचा निरोप आला. मामाजी हरखले. त्यांनी मला बोलावून छोटी खोली सारवून घ्यायला सांगितली, शेगडी घासून ठेव म्हणाले, बाज नवी विणून घेतली. तिचे दिवस भरत आले तेव्हा उन्हाळा होता, मी चीक केला, यंदा लव नव्हती, पांढऱ्याशुभ्र कुरडया डब्यात भरल्या. मूग निवडले. मामाजी मागच्यासारख्याच गाडीत गोधड्या अंथरून, वर तट्ट्या बांधून चांदूर बाजारला गेले. मी ज्या दिवशी ते येतील असं वाटत होतं त्या दिवशी सकाळपासून शेगडीत निखारे भरून ठेवले होते, आणि दारात जा-ये करत होते.

गाडी संध्याकाळी आली. मामाजी एकटेच होते. त्यांनी बैल सोडले, पाणी पाजलं, ओसरीवर बसले. मी पाण्याचा तांब्या ठेवला. मला वाटलं तिची तब्येत बरी नसेल, म्हणून मीच विचारलं. आता आम्ही समोरासमोर बोलत होतो.

तब्येत चांगली आहे, म्हणाले. तिनं जेवू घातलं. ऊन कढण केलं होतं, कुरडया घालून. जावयांची ना नव्हती, विहीणबाईसुद्धा जा म्हणाल्या. तीच उठली नाही.

“बाई काय म्हनल्या?” मी विचारलं.

मामाजींनी तांब्या उचलला, तसाच खाली ठेवला. “म्हने, बाबा, यंदा घर रिकामं हाय म्हनून न्याले आले तुमी.”

मी आत गेले आणि खोलीतली शेगडी बाहेर काढली.